घोरपडेकाकांची तिवई

माझ्या ओट्यावर एक लोखंडी खलबत्ता आहे. काळाकुट्ट, चोआ चू कांग या परदेशी उपनगरातल्या चकचकीत फ्लॅटला अजिबात न शोभणारा, आणि उचलायला गेलं की मनगटाची परीक्षा बघणारा. घरात मिक्सर असताना हा कशाला, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देते, कारण खरं सांगायचं तर घोरपडेकाकांपासून सुरुवात करावी लागते आणि तेवढ्यात पाहुण्यांचा चहा गार होतो. आज पाहुणे नाहीत आणि माझा चहा पिऊन झाला आहे.

घोरपडेकाका आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वर दोन मजले राहायचे. मूळचे गडहिंग्लजकडचे, शिकले पुण्यात, आणि इथं आले ते एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, बोगद्यांच्या कामावर सिव्हिल इंजिनिअर म्हणून. उंची सहा फुटांच्या वर, मिशी पांढरी पण तिचा रुबाब शाबूत, आणि पाठ इतकी ताठ की ते लिफ्टमध्ये शिरले की बाकीची माणसं आपोआप सरळ उभी राहायची. काकू त्यांच्या खांद्यालाही लागत नसत. पण घरात कुणाचं चालतं हे कळायला त्या दोघांना एकदा बाजारहाट करताना बघणं पुरेसं होतं. काका पिशव्या धरून मागे आणि काकू पुढे.

माझी त्यांची पहिली भेट लिफ्टमध्येच झाली. मी नुकतीच डोंबिवलीहून आले होते. रविवारची सकाळ होती. एका खांद्याला लांबलचक खाकी पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर सर्व्हेवाले वापरतात तसली पिवळी लाकडी तिवई घेऊन हा उंच गृहस्थ आत आला. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "नवीन वाटतं?"

मी हो म्हटलं आणि बोलायचं म्हणून विचारलं, "कुठं निघालात?"

"शिकारीला," ते म्हणाले.

या देशात खिशात नुसती बंदुकीची गोळी सापडली तरी काय होतं, हे मला नवऱ्यानं विमानात बसायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. मी उरलेले मजले भिंतीकडे बघत काढले. खाली उतरताना काका म्हणाले, "घाबरू नकोस पोरी. आजवर एक पीससुद्धा सांडलेलं नाही."

त्याचं असं होतं की काकांचे आजोबा संस्थानी काळातले शिकारी. नातवानं बंदुकीला कधी हात लावला नाही, पण आजोबांचे शब्द मात्र सगळेच्या सगळे उचलले. पक्षी बघायला जाणं म्हणजे शिकार. सुंगेई बुलोहच्या खाडीकाठी पक्षी बघणाऱ्यांसाठी लाकडी लपण बांधलेलं आहे, ते म्हणजे मचाण. आणि दुर्बिणीतून पक्ष्याचा डोळा चमकलेला दिसला की काका दबक्या आवाजात म्हणायचे, "मारला!" नुसता पक्षी दिसून भागत नसे, डोळा दिसायला हवा. पक्षी दिसला पण डोळा नाही दिसला, तर तो "जखमी". असले जखमी त्यांना रात्री झोपू देत नसत.

काकूंना हा शब्द मुळीच खपत नसे. "सकाळच्या पारी काय मारला-मारला! 'दिसला' म्हणायला जीभ झडते का?" असं त्या दर रविवारी विचारायच्या. त्यांनी स्वतः त्या दुर्बिणीला कधी डोळा लावला नव्हता. "मला भाजी निवडायला चष्मा लागतो, तुमची बदकं कोण बघतंय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. काकांना 'बदकं' हा शब्द 'मारला'पेक्षा जास्त लागायचा.

दुर्बीण म्हणजे गळ्यात अडकवायची दोन डोळ्यांची नव्हे. ही एका डोळ्यानं बघायची, मनगटाहून जाड, सरळ नळीची. ती हातात धरून काही उपयोग नसतो. फार लांबचं इतकं जवळ आणते की हात किंचित हलला तरी पक्षी चित्रातून उडी मारून बाहेर जातो. म्हणून तिला तीन पायांचा आधार लागतो. सगळं जग त्याला ट्रायपॉड म्हणतं, काका तिवई म्हणायचे. त्यांची ती पिवळी तिवई बोगद्याच्या कामावरून मोडीत निघालेली होती. धोंड्यासारखी जड, पण वारा आला, माणसं धडकली, तरी ढिम्म. "इंजिनिअरला पाया कळतो," काका म्हणायचे. "वरचा इमला कुणीही बांधेल."

पुढे मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. एकदा एमआरटी स्टेशनवर सामान तपासणाऱ्या मुलीनं त्यांना थांबवलं. खाकी पिशवीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अंकल, व्हॉट इज धिस?" काका उत्तरले, "फॉर हंटिंग." मी दोन पावलं मागे सरकले. पुढच्या क्षणाला दोन धिप्पाड रक्षक हजर. काका शांत. त्यांनी तिथल्या तिथं तिवई उभी केली, दुर्बीण चढवली आणि समोरच्या ब्लॉकवर रोखून त्या मुलीला म्हणाले, "प्लीज." तिनं बिचकत डोळा लावला आणि ओरडली, "वा! अंकल, कॅन सी द बर्ड इन द केज लाह! ट्वेल्थ फ्लोअर!" मग रक्षकांनीही पाळीपाळीनं बघितलं. मागे रांग लागली. काका प्रत्येकाला बजावत होते, "डोंट टच, ओन्ली सी." आम्हाला दोन गाड्या सोडाव्या लागल्या, पण काकांचा चेहरा असा खुलला होता की मी घड्याळाकडे बघितलं नाही.

सप्टेंबर लागला की उत्तरेतून पाहुणे पक्षी यायचे आणि मार्चमध्ये परत जायचे. काका त्यांना 'एम्प्लॉयमेंट पासवाले', म्हणजे ठरावीक मुदतीपुरते नोकरीला आलेले, म्हणायचे. इथल्या साळुंक्या त्यांच्या लेखी पीआर, कायमचा मुक्काम मिळालेल्या, आणि कावळे पिढीजात सिटिझन. त्यांचा सगळ्यात लाडका पासवाला म्हणजे सोनचिखल्या. पाठीवर सोनेरी ठिपके असलेला, चिखलात चार पावलं पळून एकदम थबकणारा पक्षी. "थबकतो तेव्हाच मारायचा," काका सांगायचे. "तो थबकला आणि आपली तिवई हलली, तर आयुष्य फुकट."

त्यांचा एक नियम होता: शिकारी वाकत नाही. आजोबा म्हणे वाघासमोरसुद्धा ताठ उभे राहिले होते. त्यामुळे तिवई नेहमी पुरी उंच करून, डोळ्याच्या बरोबर रेषेत. बाकीच्यांनी टाचा उंचवाव्यात किंवा दगडावर चढावं.

आणि मग नेमकी त्यांची पाठच गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं की जड उचलायचं नाही आणि कमरेत वाकायचं नाही. हातात काठी आली. वाकायचं नाही हे काकांना मान्यच होतं, पण जड उचलायचं नाही म्हणजे पिवळी तिवई बाद. काकूंनी ती सरळ खालच्या मजल्यावरच्या भंगारवाल्या अंकलला देऊन टाकली. "पुन्हा खांद्यावर काही दिसलं तर दुर्बीणही जाईल," हा निरोप वर.

मी आजवर काकांना इतकं गप्प कधी बघितलं नव्हतं. खिडकीत साळुंकी येऊन बसली तरी ते तिचा पास विचारायचे नाहीत. त्यांची निवृत्ती झाली होती, फ्लॅटचा सौदाही ठरला होता आणि हंगाम संपायच्या सुमाराला ते दोघं कायमचे गडहिंग्लजला जाणार होते. म्हणजे येणारे पक्षी हे काकांचे इथले शेवटचे पक्षी. "शेवटचा सोनचिखल्या जखमी ठेवून जायचा म्हणजे काय," ते एकदा पुटपुटले आणि तोंड फिरवून बसले. मला फार वाईट वाटलं. भीतीही वाटली, कारण असा माणूस घरात बसला की हळूहळू नुसता बसूनच राहतो.

म्हणून मीच म्हटलं, "काका, हलकी तिवई मिळते की. कार्बनची. आपण बघू या."

"हलकी?" ते म्हणाले. 'पातळ आमटी' म्हणावी तसा स्वर होता. पण दुसऱ्या शनिवारी काठी टेकत ते माझ्या दारात उभे होते, आणि शर्टाच्या खिशात स्टीलची वाटी होती.

वाटी कशाला हे कॅमेऱ्याच्या दुकानात कळलं. काकांनी एक हलका ट्रायपॉड उघडायला लावला, त्याच्या माथ्यावर वाटी ठेवली, माझ्या बाटलीतलं पाणी तिच्यात काठोकाठ ओतलं आणि पायाला टिचकी मारली. पाणी थरथरलं. काका खाली न वाकता, ताठ मानेनं, डोळे बारीक करून ते शांत होण्याची वाट बघत राहिले. बराच वेळ गेला. "थंडीतापाचा पेशंट आहे," त्यांनी निकाल दिला. "नेक्स्ट."

दुकानदार म्हणजे एक म्हातारे चिनी अंकल. त्यांनी पहिल्यांदा वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी छताकडे बघितलं. "अंकल, धिस वन व्हेरी लाइट, कॅन कॅरी होल डे," असं काहीसं ते म्हणाले. काकांनी पायाचा शेवटचा तुकडा ओढून दाखवला. या हलक्या तिवयांची घडी लहान व्हावी म्हणून पाय एकात एक सरकणारे असतात. जितके तुकडे जास्त तितका शेवटचा बारीक. "धिस इज अगरबत्ती," काका म्हणाले. अंकलना अगरबत्ती कळली असावी, कारण दुकानाच्या कोपऱ्यात त्यांच्याही देवापुढे दोन जळत होत्या. ते खो खो हसले आणि त्यानंतर दोघांचं मेतकूट जमलं.

तो शनिवार गेला, पुढचा गेला. कुठली तिवई हलकी आणि ठाम, पण काकांच्या छातीपर्यंतच येणारी. कुठली हलकी आणि उंच, पण वाटीतल्या पाण्यात लाटा. कुठली उंच आणि ठाम, पण उचलायला माझ्यासारखी तरणी बाई हवी. काका आपले एकेका पायाला टिचक्या मारत फिरत होते. शेवटी अंकलच वैतागून म्हणाले, "अंकल, लाइट, टॉल, स्टेडी. यू चूज टू, लाह. थ्री कॅनॉट."

काका चमकले. बोगदे बांधलेल्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगावं लागावं याचं त्यांना वाईट वाटलं असणार. तरी हार मानतील ते घोरपडे कसले! त्यांनी जी निवडली ती अशी: कार्बनची, पिशवीत घातली तर आहे की नाही कळणार नाही इतकी हलकी. पाय पुरे उघडले तर ठाम, पण बुटकी. मधली दांडी वर ओढली तर काकांच्या डोळ्याला बरोबर, पण मग थरथर. आणि त्या दांडीच्या खाली एक आकडा. "इथं वजन टांगायचं," काका माझ्या कानात म्हणाले. "तळ जड झाला की वरचं हलत नाही. झालं की नाही तिन्ही?"

सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी आम्ही टॅक्सीनं सुंगेई बुलोहला निघालो. काकूंनी मला पहारेकरी म्हणून धाडलं होतं. काका वाकतात का ते बघायचं. काकांकडे फक्त काठी आणि ती हलकी तिवई. दुर्बीण माझ्या पाठीवर, आणि हातात त्यांनी दिलेली एक कापडी पिशवी. "जेवणाचा डबा आहे," ते म्हणाले होते. लाकडी पायवाटेनं अर्धं अंतर गेल्यावर माझा खांदा बोलायला लागला.

"काका, काकूंनी डब्यात काय दिलंय? लोखंड?"

"हो," काका म्हणाले.

पिशवीत खलबत्ता होता. अख्खा. खल आणि बत्ता दोन्ही. काकूंच्या माहेरून आलेला, ज्यात त्या मिरचीचा खर्डा कुटायच्या. "तुला जड होतोय म्हणजे बरोबर वजन आहे," असं वर समाधान. लपणात पोहोचल्यावर त्यांनी पिशवी आकड्याला टांगली, मधली दांडी वर ओढली, आणि ताठ उभं राहून डोळा लावला. समोर चिखलात एक सोनचिखल्या पळत होता. पळाला, पळाला, थबकला. काकांनी श्वास रोखला. तेवढ्यात खाडीवरून वारा आला, पिशवी डुलली, आणि बत्ता खलावर आपटला. ठण्ण!

देवळात आरती सुरू झाल्यासारखा तो आवाज लपणभर घुमला. सोनचिखल्या उडाला. त्याच्याबरोबर चिखलावरचे झाडून सगळे पासवाले उडाले. लपणातली माणसं काहीच बोलली नाहीत, फक्त वळून बघत राहिली. ते जास्त वाईट होतं. "जखमी," काका हळूच म्हणाले.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. दुपारी खर्डा करायला घेतला आणि खलबत्ता गायब. मी पिशवी पुढे केली.

"काय म्हणावं तुम्हाला!" काकू कडाडल्या. "हलकी हवी म्हणून दुकानं पालथी घातलीत, आणि तिला टांगायला घरातलं लोखंड नेलंत? तेही या पोरीच्या खांद्यावर?"

"सरकार, तळ जड लागतो..."

"मग तिथं पाणी मिळत नाही का?"

काकू आत गेल्या आणि काकांच्या पाठीला शेकायची रबरी पिशवी घेऊन आल्या. "रिकामी न्या, तिथल्या नळावर भरा, येताना ओतून टाका. एवढे बोगदे बांधलेत, एवढं सुचलं नाही?" मग क्षणभर थांबून म्हणाल्या, "आणि पुढच्या खेपेला मी येणार. माझ्या घरातली वस्तू परस्पर जाते म्हणजे काय."

अशा रीतीनं काकू पहिल्यांदा मचाणावर आल्या. पण आधी काकांची पाठ पुन्हा धरली, मग माझ्या तांजोंग पगारच्या ऑफिसातल्या कामानं डोकं वर काढू दिलं नाही, आणि प्रत्यक्षात तो रविवार उजाडला तेव्हा मार्च लागला होता आणि त्यांच्या घरात सामानाची खोकी भरून झाली होती. त्याच आठवड्यात त्यांचं विमान होतं. यानंतर रविवार नव्हता.

वारा होता. काकूंनी नळावर पिशवी भरून आणली, आकड्याला अडकवली, ती गुबगुबीत होऊन लोंबायला लागली. आवाज नाही काही नाही. काकांनी दांडी वर ओढली आणि डोळा लावला. चिखलात सोनचिखल्या होता. विणीचा रंग चढायला लागलेला, छाती काळी पडत चाललेली. परतीच्या तयारीत होता तोही.

"हलतंय," काका म्हणाले.

त्यांनी पेच आवळले, पाय चिखलाच्या बाजूला वळवले, काठीनं एक पाय दाबून धरला. पुन्हा डोळा लावला. पुन्हा तेच. दांडी वर होती तोवर रबरी पिशवी तरी काय करणार. काका दुर्बिणीपासून बाजूला झाले. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हे ठरवलेला माणूस जसा दिसतो तसे दिसत होते. "राहू दे," ते म्हणाले. "खूप झाली शिकार. चला घरी, खोकी बांधायची आहेत."

मी दुर्बिणीची रिकामी पिशवी उचलली.

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "एवढ्या लांब आलेय तर मला बघू तरी द्या. इथं वर कोण पोचतंय!" आणि काकांना विचारायच्या आधी त्यांनी पेच सैल करून मधली दांडी धाडकन खाली ढकलली. दुर्बीण बरोबर त्यांच्या डोळ्यासमोर आली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डोळा लावला.

त्यांचा पदर वाऱ्यानं उडत होता, तिवई मात्र ढिम्म होती. काका सवयीनं पुटपुटले, "पळू दे. थबकेल. थबकला की बघा." काकूंनी मागे हात करून त्यांना गप्प राहायची खूण केली. मग त्यांची पाठ एकदम ताठ झाली.

"मारला!" काकू ओरडल्या.

लपणातली झाडून सगळी माणसं वळली. काकूंना त्याचं भान नव्हतं. "अहो, डोळा! डोळा दिसतोय त्याचा! केवढा काळा आहे! या, या लवकर, थबकलाय तो. आणि ती दांडी वर करू नका, खबरदार!"

काका एक क्षण उभे राहिले. दांडी वर करायची नाही, कमरेत वाकायचं नाही, आणि डोळा दीड वीत खाली न्यायचा. मग त्यांनी काठी पुढे रोवली आणि पाय फाकवायला सुरुवात केली. एक पाय इकडे, एक तिकडे, हळूहळू, इंचाइंचानं. सहा फुटांचा तो माणूस ताठच्या ताठ खाली उतरत गेला. दोन पाय आणि तिसरी काठी. काकूंचा एक तळहात त्यांच्या पाठीवर सपाट टेकलेला होता, मणका वाकत नाही ना ते बघायला.

मंगळवारी त्यांचं विमान होतं आणि मला ऑफिसातून निघता आलं नाही. आदल्या संध्याकाळी काकू खलबत्ता घेऊन आल्या. विमानात तिवई चालली, हा चालेना. काकांचं माझ्या डोळ्यांपुढे राहिलेलं शेवटचं चित्र त्या लपणातलंच, तसेच पाय फाकवून उभे, मिशी दुर्बिणीला टेकलेली.

"हलू नका हं," काकू म्हणत होत्या.

"कोण हलतंय," काका म्हणाले.